विषय हार्ड, श्रोता पसार

कोल्हापूरच्या माणसाला माईक ही वस्तू तशी जास्तीचीच. रंकाळ्याच्या या काठावरून त्या काठावरच्या मित्राला 'गाडीची चावी तुझ्याकडंच ऱ्हायली का रं?' असं विचारून, उत्तर मिळवून, वर 'बरं, ठेव' असंही सांगणारं हे गाव. मराठी माणसाला पडद्यावर बोलायला लावलं तेही इथूनच. 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट प्रभातनं 1932 साली कोल्हापुरात केला आणि पुढच्याच वर्षी कंपनी पुण्याला गेली. जरा कमी आवाजाच्या गावात ध्वनिमुद्रण सोपं जातं म्हणून गेली, असं आमच्या पेठेत मानतात. इतिहासकार वेगळी कारणं देतात, पण ते पेठेत राहत नाहीत.

अशा या गावात सध्या पॉडकास्टची साथ आहे. आमच्या इथं एक गाळा आहे. तिथं आधी एसटीडी बूथ होता, मग झेरॉक्स, मग मोबाईल रिचार्ज, मग मोमोज. आता पॉडकास्ट स्टुडिओ आहे. चालवणारा पोरगा आमच्याच तालमीतला. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर तो हा लेख स्टेटसला ठेवील आणि वर 'आपल्या भावाची दखल' असं लिहील. तो स्वतःला होस्ट म्हणवतो, आपणही तेच म्हणू.

होस्टच्या स्टुडिओत काय नाही? दोन सोफे आहेत, मधे बुटकं टेबल आहे, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड आहे, भिंतीला काळा फोम आहे आणि फोमवर गुलाबी दिव्यांत 'विषय हार्ड' असं झळकतंय. माईक एवढा मोठा, की पाहुण्याचं फक्त कपाळ दिसतं. टेबलावर दोन मग आहेत. त्यात चहा नसतो. अवघड प्रश्न आला की पाहुणा रिकामा मग तोंडाला लावून घोट घेतल्यासारखं करतो आणि कोल्हापूरच्या चहाची सवय असल्यानं वर 'हाSSS' असा आवाजही काढतो. या सगळ्यासाठी होस्टनं गाडी विकली. आता तो पाहुण्यांना रिक्षानं आणतो.

एवढं करून ऐकायला कोणी नाही, ही तक्रार घेऊन तो तालमीच्या कट्ट्यावर आला. 'मर्दा, क्वालिटी फोर-के हाय, आवाज क्रिस्टल हाय, तरी पब्लिक दोन मिनटात पळालंय.' त्यानं मोबाईलवरची रेघ दाखवली. ऐकणारे कितव्या मिनिटापर्यंत टिकले ते दाखवणारी रेघ असते ती. पहिलं मिनिट बरं होतं. दुसऱ्या मिनिटाला ती गगनबावड्याचा घाट उतरावा तशी थेट कोकणात गेली होती.

कट्ट्यावर लगेच समिती बसली. कोल्हापुरात कशावरही समिती बसते. यात तालमीचे वस्ताद होते, निवृत्त मास्तर होते, गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस घेऊन येणारा एकजण होता, आणि सटरफटर लिहिणारा म्हणून मी. भाग लावला. आधी चाळीस सेकंद ढोलताशा. मग होस्टचा आवाज: 'नमस्कार मित्रांनो, मी आपला लाडका…' मास्तर म्हणाले, 'लाडका कुणी ठरवलं?' पुढं, 'आजच्या पाहुण्यांविषयी बोलायचं झालं तर शब्द अपुरे पडतील.' शब्द अपुरे पडले नाहीत. पाहुण्यांचं शिक्षण झालं, पदं झाली, पुरस्कार झाले, पुरस्कार देणाऱ्यांचं मोठेपण झालं, हा योग ज्यांनी जुळवून आणला त्यांचे आभार झाले. पाहुण्यांचं पहिलं वाक्य आलं तेव्हा दूधवाला म्हशीला पाणी दाखवून परत आला होता. ते पहिलं वाक्य होतं, 'सर्वप्रथम मी आपले आभार मानतो.'

वस्तादांनी विचारलं, 'कुस्ती लागालीय कवा?'

ही सत्काराची खोड आमच्या सभांतून आली आहे. फेटा, शाल, श्रीफळ, अलीकडं पर्यावरण म्हणून एक रोप, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार, यातून सभा उरली तर भाषण. पण सभागृहातला श्रोता अडकलेला असतो. तो रांगेच्या मधल्या खुर्चीत असतो, दोन्ही बाजूला ओळखीचे गुडघे असतात, आणि शेवटी अल्पोपाहार आहे हे त्यानं पत्रिकेत वाचलेलं असतं. मोबाईलवरच्या श्रोत्याला अल्पोपाहार नसतो आणि त्याचा अंगठा मोकळा असतो. पहिल्या मिनिटात त्याला कळलं पाहिजे की इथं काय लागणार आहे. नाही कळलं तर तो गेला. त्याला कोणी 'बसा हो, जेवून जावा' म्हणणार नसतं.

वास्तविक हे कोल्हापूरला शिकवायची गरज नाही. खासबागेत जाऊन उभं राहावं. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं हे मैदान 1912 पासून सुरू आहे. मधे लाल मातीचा हौदा, भोवती चढत गेलेल्या पायऱ्या, कुठंही बसा, कुस्ती दिसतेच. मग जिथं सगळं डोळ्यांना दिसतं तिथं निवेदक कशाला? तर कुस्ती ही पाचदहा मिनिटं काहीही न घडणारी गोष्ट असू शकते. दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून कपाळाला कपाळ लावून उभे. हलगी वाजतेय, माती उडत नाही. त्या वेळात पब्लिक शेंगा घ्यायला उठतं. त्याला बसवून ठेवायचं काम निवेदकाचं. शिरोळ तालुक्यातल्या कोथळीचे शंकर पुजारी यांनी हे काम एवढ्या ताकदीनं केलं, की कुस्तीच्या मैदानाला पैलवानांच्या जोडीबरोबर निवेदकही ठरवावा लागतो हे लोकांच्या अंगवळणी पडलं.

चांगला निवेदक ओळख करून देतो ती एका श्वासात. गाव, वस्ताद, तालीम, मागची एखादी गाजलेली कुस्ती, संपलं. बाकीचं सगळं तो हातचं राखून ठेवतो आणि पैलवान अडकून पडले की एकेक काढतो. याच्या आज्यानं कुणाला आसमान दाखवलं होतं, याच्या आईनं खुराकासाठी कुठली म्हैस घेतली, याच्या वस्तादांनी कुठला डाव कधीच शिकवला नाही आणि का. तेवढ्यात खाली पट निघाला की गोष्ट तिथंच सोडून आवाज चढतो. गोष्ट अर्धी राहते. ती पुढच्या अडकणीत पुरी होणार हे पब्लिकला माहीत असतं, म्हणून शेंगा राहतात.

आणखी एक गोष्ट आहे. निवेदकाला डाव कळतो. घिस्सा, ढाक, कलाजंग, लपेट, एकेरी पट, गदालोट, ज्याचं त्याला नाव. चुकून ढाकेला लपेट म्हटलं तर वरच्या पायरीवरून एक सत्तरीचा पैलवान उभा राहून त्याची चूक दाखवतो, आणि ते माईकशिवाय सगळ्या मैदानाला ऐकू जातं. आमच्या होस्टनं साखर कारखान्याच्या एका जाणकाराला बोलावलं होतं. अर्ध्या तासानं त्यानं विचारलं, 'सर, रिकव्हरी म्हणजे उधारी वसूल होते ती का?' उसाच्या जिल्ह्यात हे विचारणाऱ्याला श्रोत्यांनी ऐकावं अशी अपेक्षा करणं जरा जास्तच. शंभर किलो उसातून साखर किती निघाली ती रिकव्हरी, हे इथल्या बालवाडीतल्या पोराला कळतं, कारण त्यावर त्याच्या बापाचा दर ठरतो.

अडाणी प्रश्न विचारू नये असं नव्हे. अडाणी प्रश्न श्रोत्याच्या मनातला असावा, होस्टच्या आळसातला नसावा.

तरी यावर होस्टचं उत्तर तयार होतं. 'आजकाल लोकांचा अटेन्शन स्पॅन ऱ्हायला न्हाई. तीस सेकंदाची रील पायजे.' हे मला पटत नाही. 'थिंक बँक', 'अमुक तमुक', 'मित्रम्हणे' यांचे तास तासभर चालणारे भाग मराठी माणसं ऐकताहेत. अमेरिकेत 2014 साली 'सीरियल' नावाच्या पॉडकास्टनं एकच जुनं खुनाचं प्रकरण घेतलं आणि बारा भाग चालवलं. जगभरचे लोक पुढच्या भागाची वाट बघत बसले. सांगणारी बाई, सारा कोनिग, मधेच सरळ सांगायची की मला स्वतःला अजून ठरवता आलेलं नाही. मी हे कट्ट्यावर सांगितलं तर मास्तर म्हणाले, 'एक खून बारा आठवडे? आपल्या गल्लीत एक सायकल चोरीला गेली होती, तिच्यावर अजून चर्चा सुरू आहे.' हे खरं आहे. आणि दर वेळी नवीन संशयित निघतो.

म्हणजे वेळ आहे. वेळ कुणासाठी काढायचा हा प्रश्न आहे, आणि त्याहून मोठा म्हणजे हात कुठं गुंतलेत हा. पॉडकास्ट हे हात गुंतलेल्या आणि कान मोकळ्या माणसाचं काम आहे, हे आमच्या जिल्ह्यात एका दिवसात बघून येता येतं. हुपरीला जा. घराघरांत चांदीचं काम चालतं. माणसं मांडी घालून पैंजणाच्या कड्या जोडत, घुंगरं लावत तासन्‌तास बसलेली असतात. डोळे कामावर, हात कामावर, आणि कान अख्खा दिवस रिकामे. तिथं काहीतरी बोलणारं सतत सुरू असतं. आधी रेडिओ होता. 1963 साली आकाशवाणीचं सांगली केंद्र सुरू झालं, ते आमच्या सगळ्या जिल्ह्यानं आपलंच मानलं. आता मोबाईल आहे. तिथून पुढं इचलकरंजीला जा. तिथंही हात गुंतलेलेच, पण यंत्रमागाच्या खटखटीत शेजारी उभा माणूस काय म्हणतोय ते ओठांवरून ओळखावं लागतं. तिथं जगातला सर्वोत्तम पॉडकास्ट नेऊन लावा, पडणार. आणि उसाच्या ट्रॅक्टरवाल्याचं तर विचारूच नका. तो ऐकत नाही, तो ऐकवतो. दोन ट्रॉल्या भरून तो रात्री गावातून गेला की गाणं कोणतं होतं हे सकाळी सगळ्या गावाला पाठ असतं.

पहाटे दुधाची गाडी घेऊन निघणारा, चपलेची वेणी घालणारा, फळीवर मान मोडून कांदा चिरणारा मिसळवाला, आणि रोज दोन्ही वेळच्या चपात्या लाटणारी आमची आत्ती, हे खरे श्रोते. यातला एकही जण सोफ्याकडं बघत नाही. होस्टनं सोफ्यावर घातलेले पैसे आत्तीच्या पोळपाटापर्यंत पोचतच नाहीत. तिला फक्त आवाज पोचतो. आत्तीनं होस्टचा एक भाग पुरा ऐकला, कारण हाताला पीठ होतं आणि बंद करता येईना. तिचं मत असं: 'पोरगं चांगलं हाय, पर समोरचा बोलालाय तर सारखं हूं हूं काय करालंय? गाय दावणीला बांधलीया व्हय?'

आत्तीनं दुखणं बरोबर हेरलं. पाहुण्याच्या प्रत्येक वाक्यामागं होस्ट 'करेक्ट', 'सुपर', 'अगदी अगदी', 'हूं' यातलं काहीतरी टाकतो. पाहुणा म्हणाला, 'तेव्हा माझे वडील गेले.' होस्ट म्हणाला, 'सुपर.' त्याला तसं म्हणायचं नव्हतं, पण जीभ मोकळी सोडली की ती अशी कुठंही जाते. त्याला शांततेची भीती वाटते. दोन सेकंद कोणी बोललं नाही की त्याला वाटतं, मशीन बंद पडलं.

शांततेचं काय करायचं हे या जिल्ह्यातल्याच एका माणसाला फार चांगलं ठाऊक होतं. शंकर पाटील पट्टणकोडोलीचे, जन्म 1926 चा. साठच्या दशकापासून ते, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार असे तिघं मिळून गावोगाव कथाकथन करत. तीन खुर्च्या, एक माईक. प्लॅस्टिकचं झाड नाही. लोक तिकीट काढून यायचे, आणि त्यातल्या कित्येकांनी ती कथा आधी वाचलेली असायची. शंकर पाटलांची 'धिंड' कशी संपते हे माहीत असलेला माणूसही पुढच्या रांगेत बसायचा. तो कथा कळून घ्यायला आलेला नसे, ती कशी सांगतात ते ऐकायला आलेला असे. पात्र बोलायच्या आधी सांगणारा थांबला की त्या थांबण्यात अर्धं सभागृह हसायला लागायचं. आमच्या होस्टच्या हातात ती कथा दिली तर त्या जागेवर तो म्हणेल, 'मित्रांनो, पुढं काय झालं हे ऐकण्याआधी चॅनेलला सबस्क्राईब करा.'

मग भाषेचं बघा. हाच पोरगा कट्ट्यावर बोलताना ऐकत राहावं असं बोलतो. एका मॅचचं वर्णन करताना तो गोलकीपर होतो, रेफरी होतो, शेवटी चेंडूही होतो. लाल दिवा लागला की त्याच्या अंगात कोणीतरी वेगळंच येतं. आवाज दोन मजले खाली जातो आणि 'आजच्या या भागात आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करताना मला विशेष आनंद होत आहे' असं मराठी बाहेर पडतं. त्याच्या आईनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं, सर्दी झालीय. एकदा त्यानं फुटबॉल खेळणाऱ्या एका पोरीला बोलावलं. आमच्याकडच्या पोरी 'मी आलो, मी खेळलो' असंच म्हणतात, जन्मापासून म्हणतात, तिच्या आजीनंही तसंच म्हटलं. होस्टनं तिला आधी बसवून 'मी आले, मी खेळले' असं म्हणायला शिकवलं. परिणाम असा की ती दर वाक्याला अडखळली आणि गोल कसा मारला हे सांगायचं तेवढं राहिलं. तिला तिच्या बोलीत सोडलं असतं, तर तो भाग शाहू स्टेडियमच्या बाहेर वडापाव खाणाऱ्या प्रत्येकानं दोनदा ऐकला असता.

पाहुणे निवडण्याची त्याची पद्धतही ठरलेली. होतकरू नेता, मावळता नेता, यशाची सात सूत्रं सांगणारा वक्ता, आणि यातलं कोणी मिळालं नाही तर दुसरा पॉडकास्टवाला. नेत्यांना कोल्हापुरात बोलायला जागा कमी आहे असं नाही. इथं वाद झाला की 'हिंमत असेल तर बिंदू चौकात या' असं आव्हान देतात. ज्या चौकात 1950 च्या डिसेंबरात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे उभे राहिले, तेही बाबासाहेब हयात असताना, त्या चौकाचा वट आहे. आव्हान दोन्हीकडून दिलं जातं, तारीखही ठरते. त्या तारखेला चौकात पोलीस असतात, पत्रकार असतात, बघे असतात. आता हेच नेते पॉडकास्टवर येऊन 'माझा संघर्ष' सांगतात. संघर्ष सगळ्यांचा सारखाच: लहानपणी सायकल नव्हती.

याउलट समितीतला आमचा दूधवाला. गंगावेशीत रात्री म्हैस उभी करून गिऱ्हाईकाच्या समोर धार काढायची, फेसाळ पेला हातात द्यायचा. गिऱ्हाईक पहिल्या घोटात नाक मुरडतं की मिशी पुसतं, यावरून माणूस कुठला हे तो ओळखतो. म्हैस कोणत्या बाजूला उभी केली तर लाथ मारत नाही, पावसाळ्यात धार का बदलते, पेल्यात पाणी घालायची सोय नसलेला हा एकमेव दूधधंदा कसा परवडतो, हे तो सांगायला लागला आणि समितीचं कामकाज बंद पडलं. तासभर कोणी उठलं नाही. होस्टही ऐकत होता. तोंड उघडं, 'हूं' नाही, 'करेक्ट' नाही. संपल्यावर मास्तर म्हणाले, 'ह्याला बोलीव की.' होस्ट म्हणाला, 'ह्यांचे फॉलोअर किती?'

दूधवाल्यानं सांगितलं, 'आठ. त्यातल्या तीन गाभण.'

नावाविषयीही बोललं पाहिजे. होस्टच्या भागांची नावं अशी असतात: 'कोल्हापूर हादरलं!', 'हे ऐकून झोप उडेल', 'डॉक्टरांनी सांगितलं ते भयंकर सत्य'. शेजारी तोंडाचा आ केलेला त्याचा फोटो आणि लाल बाण. बाण कुणाकडं जातोय ते कळत नाही. भयंकर सत्य हे होतं की पाणी भरपूर प्यावं, मुतखडा होत नाही. एकदा फसलेलं कोल्हापूरचं पब्लिक दुसऱ्यांदा येत नाही, आणि न येता गप्प बसतही नाही. ते चार जणांना सांगून ठेवतं, 'फशिवतंय बेणं.' इथं फुकट मिळणारी प्रसिद्धी हीच आणि एवढीच.

भरवसा म्हणजे काय ते बघायचं असेल तर पावसाळ्यात इथं यावं. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या या गावात जुलै लागला की अख्खं शहर एकच गोष्ट ऐकतं: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे. त्यातला एक उघडला की 1428 क्युसेक पाणी निघालं, हे भाजीवालीलाही पाठ. रेडिओवर, मोबाईलवर तो आकडा येतो तेव्हा घरातलं पोरगं रडायचं थांबतं. त्याला संगीत नसतं, सोफा नसतो, लाडकं कोणी नसतं. वेळेवर असतं, खरं असतं, आणि ऐकणाऱ्याला त्यावरून काहीतरी करायचं असतं: फ्रिज वरच्या मजल्यावर न्यायचा की नाही. त्याच वेळी कुठलेतरी काका 2019 सालचा व्हिडिओ 'आत्ताचं दृश्य' म्हणून टाकतात. पुढच्या वर्षी त्यांनी खरंच बुडताना व्हिडिओ टाकला तरी लोक म्हणणार, जुना आहे.

होस्टच्या पॉडकास्टला सगळ्यात जास्त नडलं ते मात्र वेगळंच. 'दर शुक्रवारी नवीन भाग' असं त्यानं गाजावाजा करून जाहीर केलं. पहिले काही शुक्रवार पाळले. मग आषाढ लागला. आषाढात मंगळवार-शुक्रवार गल्लीगल्लीतून नव्या पाण्याचे कलश घेऊन माणसं त्र्यंबोली देवीला निघतात, पुढं पी-ढबाक वाजत असतं. पी-ढबाक काय चीज आहे हे ज्यांनी ऐकलं नाही त्यांना लिहून कळणार नाही. भिंतीवरचा काळा फोम त्याच्यापुढं हात टेकतो. त्या शुक्रवारी यशाची सात सूत्रं सांगणाऱ्या वक्त्याच्या चौथ्या सूत्रापासून फक्त 'पीSS ढबाक, पीSS ढबाक' ऐकू येतं. (माझ्या मते तिथून तो भाग सुधारतो.) मग गणपती आले. मंडळाचा कार्यकर्ता होस्ट म्हणून कसा बसणार? मग नवरात्र, दिवाळी, मग फुटबॉलचा हंगाम, मग लग्नं, मग चैत्रात जोतिबा, मधे एक निवडणूक. 'काही अपरिहार्य कारणास्तव' ही पाटी त्याच्या चॅनेलवर सगळ्यात जास्त वेळा झळकलेली गोष्ट आहे.

आणि हे कोल्हापुरात व्हावं? इथं जन्मलेल्या सुधीर फडक्यांनी 'गीतरामायण' केलं. पुणे आकाशवाणीवर 1955 च्या 1 एप्रिलला, रामनवमीला, पहिलं गाणं लागलं आणि पुढच्या रामनवमीपर्यंत आठवड्याला एक नवीन गाणं. ग. दि. माडगूळकरांनी लिहायचं, फडक्यांनी चाल लावायची, गायकाकडून बसवून घ्यायचं, वाजवणारे गोळा करायचे आणि ठरल्या वेळेला लोकांच्या घरात पोचवायचं. त्या वर्षी पंचांगात अधिक महिना आला. आमच्या होस्टला अधिक महिना सापडला असता तर त्यानं तो सुट्टीला धरला असता. त्यांनी चार गाणी वाढवली, बावन्नाची छप्पन केली. लोक अंघोळ करून, उदबत्ती लावून रेडिओसमोर बसत. कुणी घंटीचं बटण दाबायला सांगितलं नव्हतं, ती देवघरात आपोआप वाजायची.

समितीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि कुठलाही ठराव न करता उठली, कारण दूध काढायची वेळ झाली होती. जाताना वस्तादांनी होस्टला एवढंच सांगितलं की पैलवान रोज हौद्यात उतरतो, अंगात असो नसो. होस्टनं लगेच मोबाईल काढला आणि म्हणाला, 'वस्ताद, हेच परत एकदा बोला की, रील करतो.' वस्तादांनी त्याच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती रील निघाली असती तर लाखांनी बघितली असती.

तर गावोगावच्या सर्व होस्ट मंडळींना हात जोडून विनंती. पाहुण्याला पहिल्या मिनिटात तोंड उघडू द्या. आभार शेवटी माना, तोपर्यंत कोणी उरलं असेल तर ते ऐकतील. ज्याचे फॉलोअर दावणीला आहेत त्यालाही एकदा बोलवा. जसं बोलता तसंच बोला, सर्दी झाल्यासारखं नको. वार ठरवला असेल तर पाळा. आणि पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी फुटबॉलची मॅच असेल त्या दिवशी कृपा करून नवीन भाग टाकू नका. आमच्या आत्तीसकट सगळे स्टेडियमवर असतात.